न्यूकॅसल युनायटेड : दुसऱ्या श्रेणीतला सर्वोत्तम हंगाम कोणता?

कोकण किनाऱ्यावर फुटबॉलचे वेड सगळीकडे सारखे नाही. रायगड-रत्नागिरीच्या गावांत अजूनही टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डी यांचाच बोलबाला आहे, तर सावंतवाडी-बांदा ओलांडून गोव्यात शिरले की फुटबॉल हाच मुख्य खेळ होतो. इंग्लिश प्रीमिअर लीगचा प्रेक्षक मात्र आता दोन्हीकडे आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होऊन आंब्याचा हंगाम ओसरेपर्यंत चालणारी ही स्पर्धा तो नेमाने पाहतो. पण त्याला दिसते ती फक्त वरची श्रेणी. एखादा संघ खाली घसरला की वर्ष-दोन वर्षे तो जणू नाहीसाच होतो. न्यूकॅसल युनायटेडसारख्या जुन्या क्लबच्या इतिहासाचा बराच मोठा भाग या न दिसणाऱ्या श्रेणीत घडलेला आहे. त्यातला सर्वोत्तम हंगाम कोणता असे विचारले की २००९-१० मधल्या १०२ गुणांकडे बोट दाखवले जाते. उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे.

बढती आणि घसरणीची ही पद्धत आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. मुंबईत नोकरी करून पावसाळ्यात क्रिकेटची कांगा लीग खेळलेल्या कोकणी माणसाला वरच्या गटात चढण्याची ओढ आणि खाली उतरण्याची धास्ती समजावून सांगावी लागत नाही. गोव्याच्या धेंपो क्लबने तर राष्ट्रीय पातळीवर पाच विजेतेपदे मिळवली, २०१५ मध्ये त्याची आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीतून, घसरण झाली, २०१६ मध्ये त्याने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावले आणि त्याच वर्षी त्याने आय-लीगमधून अंग काढून घेतले. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनीही तेव्हा हीच वाट धरली. म्हणजे मैदानावर कमावलेली वरची जागा प्रत्यक्षात वापरलीच गेली नाही. दुसऱ्या श्रेणीतल्या यशाची किंमत केवळ त्या वर्षाच्या गुणतक्त्यावरून ठरवता येत नाही, आधी काय होते आणि पुढे काय झाले हेही पाहावे लागते, एवढे या उदाहरणावरून ध्यानात येते.

न्यूकॅसलच्या बाबतीत तुलनेची पहिली अडचण नियमांची आहे. इंग्लंडमध्ये दुसरी श्रेणी १८९२ मध्ये सुरू झाली, तिचे नाव १९९२ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये बदलले, संघांची संख्या वाढत गेली आणि त्याबरोबर सामनेही २२ वरून ४२ आणि पुढे ४६ झाले. १९८१ पर्यंत विजयाला दोन गुण मिळत, त्यानंतर तीन मिळू लागले. त्यामुळे जुन्या हंगामातले ४५ गुण आणि नव्या हंगामातले ९६ गुण शेजारी ठेवून काहीच कळत नाही. सगळ्या हंगामांना विजयाला तीन गुणांचा नियम लावून दर सामन्यामागे किती गुण पडतात ते काढले, तर चित्र थोडे स्पष्ट होते आणि काही ठिकाणी चकितही करते.

सर्वांत चकित करणारा हंगाम १८९७-९८ चा आहे. न्यूकॅसलने ३० सामन्यांपैकी २१ जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि सहा गमावले. ६४ गोल केले आणि ३२ स्वीकारले. आजच्या हिशेबाने हे ६६ गुण होतात, म्हणजे सामन्यामागे २.२०. हीच गती ४६ सामन्यांना लावली तर १०१ गुण भरतात. विक्रमी मानल्या गेलेल्या १०२ गुणांपेक्षा फक्त एक कमी! तरीही त्या वर्षी न्यूकॅसल दुसऱ्या स्थानावर राहिला, कारण बर्नली त्याच्याही पुढे होता.

शिवाय त्या काळी दुसरे स्थान मिळाले म्हणून बढती मिळत नसे. वरच्या श्रेणीतले तळाचे दोन आणि खालच्या श्रेणीतले पहिले दोन अशा चार संघांमध्ये कसोटी सामने होत. १८९८ च्या कसोटी मालिकेत स्टोक आणि बर्नली यांच्या शेवटच्या सामन्याआधी स्थिती अशी होती की तो बरोबरीत सुटला तर दोघांचेही काम भागणार होते. सामना अर्थातच ०-० सुटला, आणि तोही कोणी गोल करण्याचा मनापासून प्रयत्न न करता. न्यूकॅसल आणि ब्लॅकबर्न यांचा त्यात बळी गेला असता. पण या प्रकाराची इतकी नाचक्की झाली की लीगने पहिल्या श्रेणीतले संघ १६ वरून १८ केले, चौघांनाही वर जागा दिली आणि कसोटी सामन्यांची पद्धतच मोडीत काढून थेट बढती-घसरण सुरू केली. न्यूकॅसलला पहिली बढती अशी दुसऱ्यांच्या लबाडीमुळे, आडवाटेने मिळाली. पुढे १९०५, १९०७ आणि १९०९ अशी तीन वेळा हा क्लब इंग्लंडचा विजेता झाला, तेव्हा ही जागा वाया गेली असे कोणी म्हणू शकणार नाही.

यानंतरचा दुसऱ्या श्रेणीतला मोठा मुक्काम १९३४ ते १९४८ असा आहे, अर्थात मधली काही वर्षे महायुद्धाने खाल्ली. १९३८ मध्ये तर संघ गोल-सरासरीच्या (केलेले गोल भागिले स्वीकारलेले गोल) अगदी बारीक फरकाने तिसऱ्या श्रेणीत जाता जाता वाचला. युद्धानंतरच्या १९४६-४७ च्या हंगामात न्यूकॅसलने तब्बल ९५ गोल केले, त्यांपैकी १३ एकट्या न्यूपोर्ट काउंटीविरुद्ध, आणि त्या सामन्यात पहिल्यांदाच उतरलेल्या लेन शॅकल्टनने सहा गोल मारले. एवढे होऊनही संघ पाचव्या स्थानावर राहिला. गोलांचा पाऊस पडला, बढती काही मिळाली नाही. पुढच्या वर्षी, १९४७-४८ मध्ये, गोल ७२ वर आले, स्वीकारलेले गोल ६२ वरून ४१ वर उतरले आणि संघ बर्मिंगहॅम सिटीच्या मागे दुसरा येऊन वर गेला. त्या हंगामात घरच्या सामन्यांना सरासरी ५६ हजारांहून अधिक प्रेक्षक येत होते. दुसऱ्या श्रेणीतल्या संघासाठी हा आकडा आजही अचंबित करतो.

याच १९४७-४८ चे जुळे भावंड १९८३-८४ मध्ये सापडते. दोन्ही हंगामांत ४२ सामने, २४ विजय, ८ बरोबरी आणि १० पराभव. आकड्यांची अशी तंतोतंत जुळणी क्वचितच दिसते. पण १९४८ मध्ये या कामगिरीला दुसरे स्थान मिळाले आणि १९८४ मध्ये चेल्सी आणि शेफिल्ड वेन्सडे यांच्या मागे तिसरे. पहिल्या दोघांनाच बढती देण्याचा जुना नियम चालू असता, तर केव्हिन कीगनचे २७, पीटर बिअर्डस्लीचे २० आणि ख्रिस वॉडलचे १८ गोल असूनही संघ खालीच राहिला असता. नियम किती निर्णायक ठरतो याचा उलटा दाखला सहा वर्षांनी मिळाला. १९८९-९० मध्ये न्यूकॅसल पुन्हा तिसरा आला, पुन्हा ८० गुणांवर (सामने मात्र ४६), मिक क्विनने लीगमध्ये ३२ गोल केले, परंतु आता तिसऱ्या संघाला प्ले-ऑफ, म्हणजे बढतीच्या उरलेल्या जागेसाठीचे बाद सामने, खेळावे लागत होते. तेथे त्याला सहाव्या क्रमांकावरच्या संडरलँडने, म्हणजे हाडवैऱ्यानेच हरवले. संडरलँड पुढे अंतिम सामना हरला तरी विजेत्या स्विंडनवर आर्थिक गैरव्यवहारांमुळे कारवाई झाल्याने वर गेला तो संडरलँडच. न्यूकॅसलच्या जुन्या समर्थकांना ही गोष्ट आजही सांगवत नाही.

१९६४-६५ चा उल्लेख थोडक्यात पुरे. जो हार्वी यांच्या व्यवस्थापनाखाली ५७ गुण मिळवून, नॉर्थॅम्प्टनला एका गुणाने मागे टाकून संघाने श्रेणीचे विजेतेपद मिळवले. विजेतेपद हक्काचे होते, पण पुढच्या वर्षी संघ पंधरावा आला आणि सामन्यामागची सरासरीही १.९३ एवढीच भरते.

खरी चुरस १९९२-९३ आणि २००९-१० यांच्यात आहे. पहिल्या हंगामात २९ विजय, ९ बरोबरी, ८ पराभव आणि ९६ गुण. दुसऱ्यात ३० विजय, १२ बरोबरी, अवघे ४ पराभव आणि १०२ गुण. केवळ कागदावर पाहिले तर २००९-१० वरचढ आहे. त्या हंगामात संघ घरच्या मैदानावर एकही सामना हरला नाही आणि दुसऱ्या स्थानावरच्या वेस्ट ब्रॉमविचपेक्षा ११ गुणांनी पुढे राहिला. सुरुवात मात्र भीतीदायक होती. आदल्या मोसमात ॲलन शिअररला शेवटच्या आठ सामन्यांसाठी व्यवस्थापक म्हणून बोलावूनही घसरण टळली नव्हती, मालक माइक ॲश्ली यांनी क्लब विकायला काढला होता आणि सरावाच्या सामन्यात लेटन ओरिएंटने ६-१ असा धुव्वा उडवला होता. तात्पुरते व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या ख्रिस ह्यूटन यांनी त्या पडझडीतून संघ उभा केला. त्यांचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या हाताखाली प्रीमिअर लीगमध्ये खेळलेले अनेक खेळाडू होते, हे विसरून चालणार नाही.

१९९२-९३ चे व्यवस्थापक म्हणजे १९८४ च्या संघात खेळलेले तेच कीगन. त्यांच्याकडे असे काहीही नव्हते. फेब्रुवारी १९९२ मध्ये ते व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा क्लब १९३८ प्रमाणेच पुन्हा तिसऱ्या श्रेणीच्या दारात उभा होता, आणि लीस्टर येथे मिळवलेल्या २-१ अशा विजयासह तो मोसम विसाव्या स्थानावर संपला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी सुरू झालेल्या हंगामात संघाने पहिले अकराच्या अकरा सामने जिंकले. ही मालिका ऑक्टोबरमध्ये ग्रिम्सबीने खंडित केली. चार्ल्टनहून रॉब ली आला, मार्चमध्ये ब्रिस्टल सिटीकडून १७.५ लाख पौंडांना घेतलेल्या अँडी कोलने १२ सामन्यांत १२ गोल केले, आणि शेवटच्या सामन्यात त्याच लीस्टरचा ७-१ असा फडशा पाडताना कोल आणि डेव्हिड केली या दोघांनीही हॅट्‌ट्रिक साधली. केलीचे लीगमधले गोल २४ झाले होते. तरी उन्हाळ्यात त्याला विकण्यात आले, यावरून कीगन कोणत्या पातळीचा विचार करत होते ते कळते.

माझ्या मते म्हणूनच १९९२-९३ ला पहिले स्थान द्यायला हवे. २००९-१० चा संघ वर गेल्यावर बारावा आला आणि ह्यूटन यांना त्या मोसमाच्या डिसेंबरमध्येच काढण्यात आले. १९९३-९४ चा संघ मात्र प्रीमिअर लीगमध्ये थेट तिसरा आला, आणि कोलने ३४ गोल केले. विसाव्या स्थानावरून वरच्या श्रेणीत तिसऱ्या स्थानापर्यंतचे हे अंतर दोन वर्षांत कापले गेले. न्यूकॅसलच्या अन्य कोणत्याही बढतीनंतर पहिल्याच वर्षी एवढी मजल गेलेली नाही. त्यातल्या त्यात जवळ येतो तो १९४८-४९ चा संघ, जो चौथा आला आणि ज्याच्या गाभ्यातून पुढे १९५१ आणि १९५२ चे एफए कप जिंकणारा संघ घडला.

राहता राहिला राफाएल बेनिटेझ यांचा २०१६-१७ चा हंगाम. ९४ गुण आणि विजेतेपद असूनही दहा पराभव पदरी आले. ड्वाइट गेलने २३ गोल केले, घरच्या सामन्यांना सरासरी ५१ हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. पण शेवटच्या दिवशी बार्न्सलीला ३-० हरवल्यावरही विजेतेपद हाती आले ते ॲस्टन व्हिलाच्या जॅक ग्रीलिशने अखेरच्या मिनिटांत ब्रायटनविरुद्ध बरोबरीचा गोल केला म्हणून. ब्रायटन ९३ गुणांवर थांबला. बेनिटेझ यांच्या नावामुळे आणि तो काळ अजून ताजा असल्यामुळे या हंगामाला वरचे स्थान देण्याचा मोह होतो. आकडे मात्र त्याला १९९२-९३, २००९-१० आणि १८९७-९८ या तिघांच्याही खाली ठेवतात.