लोकल पॅकेज की आउटस्टेशन? इंदूरहून गाडी करताना बिल कुठे फुगतं

पुण्याचे पाहुणे महाकालाला यायचे ठरले की घरातलं कुणीतरी चार ट्रॅव्हल्सवाल्यांना फोन लावतं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतं, “किलोमीटरला किती?” ज्याचा आकडा लहान त्याची गाडी ठरते. रात्री बिल आलं की मग ‘लुबाडलं हो’ सुरू. बहुतेक वेळा त्याने लुबाडलेलं नसतं. आपण दर विचारलेला असतो, किती किलोमीटरचे पैसे लावणार हे विचारायचंच राहिलेलं असतं.

लोकल पॅकेज सगळ्यांना ठाऊक आहे. आठ तास, ऐंशी किलोमीटर, ठरलेली रक्कम, वरचे तास आणि वरचे किलोमीटर वेगळे. राजवाडा, लालबाग, खजराना, संध्याकाळी सराफा एवढ्यासाठी ते पुरतं. यापेक्षा जास्त त्यात समजून घेण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो आउटस्टेशनमध्ये. गाडी शहराबाहेर निघाली की बहुतेक एजन्सी दिवसाचे किमान किलोमीटर लावतात, साधारण २५०, काही जण ३००. तुम्ही ११५ फिरा नाहीतर २४०, पैसे त्या किमान आकड्याचेच. वर रोजचा ड्रायव्हर भत्ता. आता उज्जैन इथून जेमतेम पंचावन्न किलोमीटर. जाऊन-येऊन, तिथे थोडं फिरून १२० धरा. समजा एकाचा दर ११ रुपये, किमान ३००, भत्ता ४००: झाले ३,७००. दुसऱ्याचा दर १३, किमान २५०, भत्ता ३००: झाले ३,५५०. म्हणजे ‘महाग’ दरवाला स्वस्त पडला. आणि हेच उज्जैन कुणी २,००० च्या लोकल पॅकेजवर करून दिलं, वरचे चाळीस किलोमीटर १३ ने, वरचे दोन तास दीडशेने, तरी २,८२० मध्ये काम होतं. सगळे असं करून देत नाहीत, पण उज्जैनसाठी ठरलेल्या रकमेचं पॅकेज ठेवणारे इंदुरात पुष्कळ आहेत. आधी तेच विचारा. उज्जैनला २५० किलोमीटरच्या हिशेबाने गाडी नेणं मला तरी पटत नाही.

उलट ओंकारेश्वर-महेश्वर एका दिवसात करायचं असेल तर आउटस्टेशनच घ्या. इंदूर-ओंकारेश्वर-महेश्वर-इंदूर हा फेरा २३० च्या आसपास जातो, किमान आकडा जवळजवळ पुरा वसूल. महेश्वर-मांडूचंही तसंच. पण महेश्वरला घाटावर निवांत एक रात्र राहायचं म्हणाल, तर गाडी तिथे नुसती उभी राहणार आणि बिल मात्र ५०० किलोमीटरचं येणार, कारण किमान आकडा दिवसागणिक लागतो. तेव्हा जाताना एक आणि येताना एक अशा दोन एकेरी गाड्या करून बघा. काही जण एकेरीतही रिकाम्या परतीचे किलोमीटर लावतात, तेवढं फोनवरच पक्कं करा.

आता खरी गोम. आउटस्टेशनचा ‘दिवस’ म्हणजे चोवीस तास नव्हेत. बऱ्याच ठिकाणी तो रात्री बाराला बदलतो. भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास असते, म्हणून मंडळी घाईघाईने रात्री साडेअकराला निघतात. अर्ध्या तासात तारीख बदलली, दोन दिवस लागले! वरच्याच १३ च्या दराने ५०० किलोमीटर आणि दोन भत्ते मिळून ७,१०० रुपये, तेही १२० किलोमीटरसाठी. साडेबाराला निघालात तर तेच ३,५५०, फार तर वर रात्रीचा आकार. रस्ता तासा-सव्वा तासाचा आहे, आत कधी सोडतात ते बुकिंगवर बघून वेळ ठरवा. यात एक पोटकलम आहे: घड्याळ आणि मीटर बहुतेक ठिकाणी तुमच्या दारातून सुरू होत नाहीत, गाडी गॅरेजमधून निघते तेव्हा होतात. गॅरेज विजयनगरला आणि घर राऊला असेल तर ड्रायव्हर बाराच्या आधीच निघालेला असतो. म्हणून एजन्सी घराजवळची बघावी, आणि गाडी आली की मीटरचा फोटो काढावा.

सेडान की हॅचबॅक, पांढरी की सिल्व्हर, यावर घरात तासभर चर्चा होते. माणसं आणि बॅगा मावल्या की झालं. नंबरप्लेट मात्र भाड्याच्या गाडीची, म्हणजे पिवळी हवी. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी ‘स्वस्तात’ मिळते खरी, पण खासगी गाडीचा विमा भाड्याच्या फेरीला लागू होत नाही.

‘सगळं धरून’ या शब्दांची मला चीड आहे. सगळं म्हणजे काय, तर टोल बाहेर, पार्किंग बाहेर, जीएसटी बाहेर. व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून घ्या: किमान किलोमीटर किती, दिवस कधी बदलतो, भत्ता किती, टोल कोणाचा. टोल फास्टॅगमधून कापला जातो, तेव्हा त्याचे मेसेज ड्रायव्हरकडून दाखवून घ्या, अंदाजपंचे रक्कम देऊ नका. आणि राज्य कर, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात शिरताना लागणारा कर: उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू सगळं मध्य प्रदेशातच आहे. या फेऱ्यांच्या बिलात तो दिसला तर सरळ खोडायला सांगा. शिर्डीला गेलात आणि तो लावला, तर पावती मागा.