मागची रुंद चाके (रिअर-व्हील ड्राइव्ह मोटारी)

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या मोटारीत पुढच्यापेक्षा मागे रुंद रिम आणि रुंद टायर बसवण्याची पद्धत. टायरच्या धंद्यात हिला ‘स्टॅगर्ड’ म्हणतात. चारही चाके एकाच मापाची असली की ‘स्क्वेअर’. मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११ मध्ये सुमारे ६० टक्के वजन मागच्या अ‍ॅक्सलवर येते. त्यामुळे १९७५ च्या ९११ टर्बोला पुढे ७ आणि मागे ८ इंची रिम कारखान्यातूनच होते. तिथे ही गरज होती. वजन पुढे-मागे जवळजवळ समान असलेल्या गाडीत मात्र हा निवडीचा प्रश्न ठरतो.

रुंद टायर म्हणजे रस्त्याला टेकलेले रबर जास्त, हा समज अर्धाच खरा आहे. हवेचा दाब आणि वजन तेच असेल तर टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, आकार बदलतो: तो आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. अशा टायरला वळणावर तेवढेच बाजूचे बल देण्यासाठी कमी तिरके व्हावे लागते. मागच्या टायरला वळतानाच गाडी ढकलायचीही असते आणि दोन्ही कामे एकाच पकडीतून भागवावी लागतात. म्हणून तिथली वाढीव पकड वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जाणवते. त्याची किंमत अशी की गाडी अंडरस्टिअरकडे झुकते, म्हणजे नाक वळणाबाहेर जाऊ पाहते. सामान्य चालकाला हे घसरणाऱ्या शेपटीपेक्षा सोपे जाते, म्हणून कारखान्यांनाही तेच सोयीचे वाटते. ट्रॅकवर जाणारे बरेच जण उलट चारही चाके सारखी करून घेतात. केवळ दिसण्यासाठी मागे रुंदी वाढवणाऱ्याने आपण गाडीचा तोल बदलतो आहोत, हे धरून चालावे.

मापांचे गणित बीएमडब्ल्यू ई४६ (३ सिरीज) वर स्पष्ट दिसते. तिच्या १७ इंची स्पोर्ट जोडीत पुढे ७.५जे ईटी ४१ रिमवर २२५/४५ आर१७ आणि मागे ८.५जे ईटी ५० रिमवर २४५/४० आर१७ टायर असतो. ‘जे’च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची इंचांतली रुंदी. टायरच्या मापात २२५ ही मिमीतली रुंदी, ४५ ही बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. ईटी म्हणजे ऑफसेट: रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग बाहेरच्या अंगाला किती मिमी आहे ते. रिम १ इंच रुंद झाली की दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढते. ईटी ९ ने वाढला की सगळे चाक ९ मिमी आत सरकते. म्हणून मागची रिम पुढच्या मापाच्या तुलनेत बाहेर फक्त ३.७ मिमी आणि आत २१.७ मिमी जास्त जाते. ईटी ४१ चीच ८.५जे रिम मागे घातली तर कड याहून ९ मिमी बाहेर येते आणि खड्ड्यात सस्पेन्शन दबले की टायर मडगार्डच्या आतल्या दुमडीला घासू शकतो. फक्त ‘किती जे?’ विचारून रिम घेणाऱ्याची फसगत इथेच होते.

व्यास वेगळा तपासावा. २२५/४५ आर१७ चा बाहेरचा व्यास ६३४.३ मिमी आणि २४५/४० चा ६२७.८ मिमी, फरक १ टक्का. मागे २५५/४० घेतला तर तो ६३५.८ मिमी, म्हणजे पुढच्याशी जवळपास जुळतो. पण २४५/४५ घेतला तर ६५२.३ मिमी होतो, पुढच्यापेक्षा सुमारे २.८ टक्के मोठा. मग चाकांच्या वेगातला फरक एबीएस आणि स्थिरता नियंत्रणाला घसरण्यासारखा वाटू शकतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत असा फरक ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर) ताण आणतो.

टायर रिमला शोभला पाहिजे. २४५/४० साठी ८ ते ९.५ आणि २५५/४० साठी ८.५ ते १० इंच रिम चालते. अरुंद टायर ताणून बसवला की रिमची कड उघडी पडते आणि पहिल्याच खोल खड्ड्यात वाकते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो.

ई४६ चा पीसीडी (बोल्टांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिमीतला व्यास) ५×१२०, हबचे भोक ७२.६ मिमी, बोल्ट एम१२×१.५ आणि आवळण्याचे माप १२० न्यूटन-मीटर. जुन्या ५ सिरीजच्या (ई३९) रिमचा पीसीडी तोच असल्याने त्या सर्रास सुचवल्या जातात. पण त्यांचे भोक ७४.१ मिमी आहे. भोकातली फट भरणारी रिंग न घालता बसवल्या तर वेगात स्टिअरिंग थरथरते. शिवाय ८जे रिमचा ईटी २० असल्याने चाक बरेच बाहेर येते. स्पेसर (चाक आणि हबमधली चकती) घातला तर त्याच्या जाडीइतका लांब बोल्ट हवा, आणि बोल्ट किमान सात पूर्ण वेढे आत गेला पाहिजे. बीएमडब्ल्यूच्या बोल्टचे बूड शंकूच्या आकाराचे असते. गोल बुडाचे बोल्ट त्यात चालत नाहीत.

बसवल्यावर गाडी जमिनीवर ठेवून मागे माणसे व सामान भरावे. आत ट्रेलिंग आर्म (मागचे चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) व शॉक अ‍ॅब्सॉर्बरपासून किमान ५ मिमी मोकळे अंतर आहे ना ते पाहावे आणि मडगार्डची दुमड हाताने चाचपावी. चमकलेला किंवा रंग गेलेला पट्टा म्हणजे घासल्याची खूण. दुमड आत वळवायची असेल तर आधी हीट गनने रंग गरम करतात, नाहीतर तो तडकून गंज धरतो. पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासतात.

पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि झीज झालेला तर फारच. आपल्याकडच्या पावसाळ्यात खाचांची खोली कमी होऊ देऊ नये. पुढची-मागची चाके अदलाबदल करता येत नाहीत, त्यामुळे कॅम्बर (वरून आत झुकलेला कल) असलेल्या मागच्या टायरची आतली कड आधी संपते आणि उभ्या गाडीत ती दिसतही नाही. दिशादर्शक टायर डावीकडून उजवीकडे न्यायचा तर रिमवरून काढूनच न्यावा लागतो. स्टेपनीही पुढच्या किंवा मागच्या, एकाच मापाशी जुळते. भारतात मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, म्हणून कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापांच्या यादीतूनच जोडी निवडणे सोयीचे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर तिचे हवेचे दाबही पुढे-मागे वेगळे छापलेले असतात.