मॅटर म्हणजे थ्रेड नव्हे

"दाराचा सेन्सर मॅटरवाला, घरातला स्पीकरही मॅटरवाला, मग जोडलं का जात नाही?" सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांच्या काउंटरवर, हा प्रश्न सगळीकडे जवळपास याच शब्दांत ऐकू येतो. उत्तरंही ठरलेली. फोन रीस्टार्ट करा. राउटर बंद करून चालू करा. पीस खराब असेल, बदलून घ्या. बदलून आणलेला पीसही जोडला जात नाही, कारण पहिलाही ठणठणीतच होता. मॅटर ही स्मार्ट उपकरणांची सामायिक भाषा, आणि थ्रेड हे निरोप पोचवणारं एक बिनतारी जाळं. ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असं समजून खरेदी झालेली असते, एवढाच सगळा घोळ.

वाय-फायचे बल्ब, प्लग आणि "अलेक्सा, गीझर लाव" हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. खोक्यावरच्या "वर्क्स विथ अलेक्सा" शिक्क्याचा अर्थ तेवढा आठवून घ्या. बल्बच्या कंपनीचा सर्व्हर आणि ॲमेझॉनचा सर्व्हर एकमेकांशी बोलतात, हा तो अर्थ. हॉलमधल्या स्पीकरने हॉलमधलाच दिवा लावायचा, तर निरोप शहराबाहेर जाऊन परत येतो. खोदाईत फायबर तुटली की दिवा ॲपवरून लागत नाही. पुण्यात रस्ते किती वेळा खणले जातात, ते मी सांगायला नको.

यावर उपाय म्हणून ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स (झिगबी या जुन्या बिनतारी जाळ्यामागची संघटना) यांनी डिसेंबर २०१९ मध्ये एकत्र येऊन काम सुरू केलं. आधी त्याचं नाव प्रोजेक्ट चिप होतं, मे २०२१ मध्ये ते मॅटर झालं, आणि पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. दिव्याला "चालू हो", "चाळीस टक्के उजेड दे" हे कसं सांगायचं, दार उघडल्याचं सेन्सरने कसं कळवायचं, समोरचं उपकरण खरं आहे याची खात्री कशी करायची आणि निरोप तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून काय करायचं, हे मॅटर ठरवतं. निरोप कशावरून जावा, याबद्दल त्याची अट एकच: ते जाळं आयपीचं, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीच्या पत्त्यांवर चालणारं असावं. म्हणजे वाय-फाय चालेल, इथरनेटची वायर चालेल, थ्रेडही चालेल.

थ्रेड त्याहून जुना. थ्रेड ग्रुप २०१४ चा, तेव्हा मॅटरचं नावही नव्हतं. थ्रेड हे बिनतारी जाळं आहे: झिगबी वापरतो तसाच ८०२.१५.४ जातीचा रेडिओ, २.४ गिगाहर्ट्झवर, सेकंदाला २५० किलोबिट इतकाच वेग, पण वीज अगदी थोडी खाणारा. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा आयपीव्ही६ पत्ता मिळतो, आणि कायम विजेवर चालणारी उपकरणं दुसऱ्यांचे निरोप पुढे पाठवतात. दिवा म्हणजे काय आणि कुलूप म्हणजे काय, याच्याशी थ्रेडला कर्तव्य नाही. तो फक्त पोचवतो.

लक्ष्मी रस्त्यावर मराठी बोलतात, म्हणून मराठी म्हणजे लक्ष्मी रस्ता होत नाही. तीच मराठी बाजीराव रस्त्यावरही चालते, आणि लक्ष्मी रस्त्यावर गुजराती, मारवाडीही कानावर पडते. मॅटर आणि थ्रेडचं नेमकं असंच आहे. वाय-फायवर चालणारा मॅटरचा प्लग थ्रेडला ओळखतही नाही. उलट, मॅटर येण्याआधी थ्रेडवर फक्त होमकिट ही ॲपलची स्वतःची भाषा बोलणारी उपकरणं बाजारात होती. ईव्ह कंपनीची काही होती, त्यांना पुढे अपडेट देऊन मॅटर शिकवलं गेलं.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. खरी ठेच लागते ती पुढे, स्पीकरपाशी.

मॅटरच्या घरात एक कंट्रोलर लागतो. उपकरणांना घरात दाखल करून घेणारा, त्यांना हुकूम देणारा, तुमचं ऑटोमेशन चालवणारा. थ्रेडचं उपकरण असेल तर आणखी एक गोष्ट लागते, बॉर्डर राउटर: एका बाजूला थ्रेडचा रेडिओ, दुसऱ्या बाजूला तुमचं वाय-फाय किंवा इथरनेट, आणि मधे निरोपांची ये-जा करून देणारा. ही दोन वेगळी कामं आहेत. काही डब्यांत दोन्ही असतात, काहींत फक्त पहिलं. खोक्यावर मात्र दोघांच्याही "मॅटर" एवढंच ठळक असतं.

आपल्याकडे घरोघर दिसणारे स्पीकर बघा. ॲमेझॉनचे इको डॉट आणि इको पॉप, गूगलचा नेस्ट मिनी हे मॅटरचे कंट्रोलर आहेत, पण त्यांच्यात थ्रेडचा रेडिओच नाही. चौथ्या पिढीच्या गोल, मोठ्या इकोत तो आहे. नेस्ट हबच्या दुसऱ्या पिढीत आहे, पहिलीत नाही. ॲपलच्या होमपॉड मिनीत आहे, पण २०१८ च्या पहिल्या मोठ्या होमपॉडमध्ये नाही. सगळ्यात वैताग आणणारं उदाहरण ॲपल टीव्ही फोरकेच्या तिसऱ्या पिढीचं: १२८ जीबीवाल्या, इथरनेटचं भोक असलेल्या मॉडेलमध्ये थ्रेड आहे आणि ६४ जीबीवाल्यात नाही. नाव तेच, रूप तेच, आणि लोक फरक शोधतात साठवणुकीत. "स्वस्तातला घेतला, जास्त सिनेमे कुठे ठेवायचेत?" असं म्हणणाऱ्याला हा खड्डा दिसणार कसा?

तर आता वरचा प्रश्न पुन्हा बघा. बॅटरीवरचा दाराचा सेन्सर बहुधा थ्रेडवाला असतो. घरात इको डॉट. भाषा दोघांची एकच, पण सेन्सरचा रेडिओ ज्या जाळ्यावर बोलतो ते जाळं घरात नाहीच. फोनने क्यूआर कोड स्कॅन होतो, ब्लूटूथने पहिली ओळखही होते (ब्लूटूथचं काम दाखल करण्यापुरतंच, पुढे त्याला विसरा), आणि मग ॲप सांगतं की थ्रेड बॉर्डर राउटर हवा. त्यातला "राउटर" हा एकच शब्द वाचून लोक इंटरनेटचा डबा बंद-चालू करत बसतात. फायबरवाल्याने बसवलेल्या डब्यात सहसा थ्रेड नसतो, तो शंभर वेळा बंद-चालू केलात तरी यायचा नाही.

म्हणून खरेदी करताना "मॅटर आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "मॅटर कशावर, वाय-फायवर की थ्रेडवर?" हे विचारा. आत वळणाऱ्या तीन बाणांचं चिन्ह मॅटरचं. ते दिसलं की खोकं उलटून बारीक अक्षरं वाचा. "सगळ्याला चालतं साहेब, टेन्शन घेऊ नका" असं म्हणणाऱ्या दुकानदाराकडून मी तरी काही घेत नाही. त्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर पहिल्याचंही त्याने अंदाजानेच दिलेलं असतं.

उलट बाजूचा घोळही तितकाच चालतो. थ्रेड म्हणजे पुढची पायरी आणि वाय-फायवालं मॅटर म्हणजे काहीतरी दुय्यम, असा समज पसरला आहे. कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये गीझरच्या सोळा अँपिअरच्या प्लगला थ्रेड कशाला हवा? तो कायम विजेवर आहे, वाय-फाय तिथवर पोचतं, विषय संपला. माझं मत पक्कं आहे: भिंतीतून वीज घेणारं ते वाय-फायवर, बॅटरीवर चालणारं ते थ्रेडवर. वाय-फाय रेडिओ बॅटरी भराभर पितो, तर थ्रेडचा सेन्सर बराचसा वेळ झोपून काढतो आणि काम असेल तेव्हाच जागा होतो. याला अपवाद मोठ्या घराचा. तीन मजली रो-हाउस किंवा जाड भिंतींचं जुनं घर असेल, तर मधे दोन-तीन थ्रेडचे प्लग लावा, ते निरोप पुढे नेतील.

पण प्लग, बल्ब नव्हे. बल्बही थ्रेडवर निरोप पुढे नेतो, कागदावर सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात रात्री झोपताना आजी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतात आणि जाळ्याला भोक पडतं. आजींचं काही चुकत नाही. बटण बंद करायला असतं. ज्या घरात भिंतीवर बटणं आहेत तिथे स्मार्ट बल्ब विकणाऱ्यांचं चुकतं. दिवे स्मार्ट करायचेच असतील तर बटणामागे मॉड्यूल, म्हणजे छोटा स्मार्ट स्विच, बसवा, बल्ब साधाच राहू द्या.

विजेचं आणखी एक. वाय-फायचा डबा इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर असतो आणि बॉर्डर राउटर असलेला स्पीकर मात्र साध्या प्लगवर. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की इंटरनेट चालू, फोनवर सगळं ठीक, आणि थ्रेडचे सेन्सर तेवढे गप्प. स्पीकरही त्याच यूपीएसवर घ्या.

दोन बॉर्डर राउटर असतील तर? एक ॲपलचा, एक गूगलचा, असं घर आता दुर्मीळ नाही. बरेचदा दोघं आपापलं स्वतंत्र थ्रेडचं जाळं उभं करतात आणि एकाचे प्लग दुसऱ्याच्या सेन्सरला मदत करत नाहीत. सप्टेंबर २०२४ मधल्या थ्रेड १.४ मध्ये एका जाळ्याच्या किल्ल्या दुसऱ्या कंपनीच्या डब्याला देण्याची सोय ठरवली आहे, तुमच्या डब्याला ते अपडेट मिळालं का ते बघा. तोवर जवळचे सेन्सर एकाच कंपनीच्या बॉर्डर राउटरवर ठेवलेले बरे.

झिगबीवाल्यांनी मात्र काही फेकून द्यायची गरज नाही. फिलिप्स ह्यूचे दिवे झिगबीवरच राहतात, त्यांना घरच्या जाळ्याशी जोडणारा डबा, म्हणजे ब्रिज, २०२३ पासून मॅटर बोलतो, आणि बाकीच्यांना ते दिवे मॅटरचेच दिसतात. थ्रेड या चित्रात कुठेच नाही. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांची नावं ऑक्टोबर २०२३ च्या मॅटर १.२ मध्ये आली, पण यादीत नाव येणं वेगळं आणि तुमच्या ॲपने ते हाताळणं वेगळं. जाहिरात बघून एसी घेऊ नका.

वाय-फायवालं मॅटरही अडतं, ते वेगळ्या कारणाने. फायबरवाल्याचा डबा एक आणि त्याला जोडलेला स्वतःचा राउटर दुसरा, दोन्हींची वाय-फाय नावं चालू, फोन एकावर, प्लग दुसऱ्यावर. सर्व्हरमार्फत चालणाऱ्या जुन्या प्लगला हे चालायचं, कारण तो निरोप बाहेरून फिरवून आणायचा. मॅटर घरातल्या घरात बोलतो, त्याला दोघं एकाच जाळ्यात हवेत. फायबरच्या डब्याचं वाय-फाय बंद करा, किंवा आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं जाळं न करता फक्त वाय-फाय पसरवेल. प्लग गेस्ट नेटवर्कवर टाकला असेल तर तोही तिथून काढा. आणि इंटरनेट गेलं तरी मॅटरचा दिवा घरातून लागतो हे खरं, पण स्पीकरला बोलून लावायचा असेल तर आवाज समजून घ्यायला बहुतेक स्पीकरना इंटरनेट लागतंच.

घरात कुणाकडे आयफोन, कुणाकडे अँड्रॉइड असेल तर एकच प्लग दोन्हीकडे जोडता येतो. मॅटरच्या नियमाप्रमाणे उपकरणाने ॲपल, गूगल अशा किमान ५ व्यवस्था एकाच वेळी सांभाळायच्या असतात. फक्त दुसऱ्यांदा जोडताना खोक्यावरचा कोड पुन्हा स्कॅन करू नका, तो चालत नाही. ज्या ॲपमध्ये तो आधी जोडला आहे तिथूनच नवा कोड काढा आणि दुसऱ्या ॲपमध्ये टाका. मूळ ११ आकडी कोड आणि क्यूआर रीसेट केल्यावर मात्र परत लागतो, आणि बटणामागच्या मॉड्यूलवरचं ते स्टिकर इलेक्ट्रिशियन बोर्डाच्या आत गाडून जातो. त्याने स्क्रू आवळायच्या आधी फोटो काढून ठेवा.