पाठ झालेला शब्द आठवडाभरात जातो कुठे?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं पोरगं अकरावी सायन्सला गेलं की पहिल्याच महिन्यात त्याच्यावर इंग्रजी शब्दांचा मारा सुरू होतो. पृष्ठताणाचं सरफेस टेन्शन होतं, तंतुकणिकेचं मायटोकॉन्ड्रिया होतं, विद्युत अपघटनाचं इलेक्ट्रोलिसिस. यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या खेड्यांतून एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात ये-जा करणाऱ्या या मुलामुलींना विषय समजत नाही असं नाही. मराठीत विचारा, धडाधड सांगतील. अडतं ते शब्दांपाशी. मग वहीच्या मागच्या पानांवर याद्या तयार होतात, दहादा वाचल्या जातात, दहादा लिहिल्या जातात. आणि पेपरात तोच शब्द ओळखीचा वाटतो, पण अर्थ काही केल्या आठवत नाही.

हे असं का होतं, यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालं आहे. त्यातला एक प्रयोग तर थेट शब्द पाठ करण्याबद्दलच आहे.

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह दिले. आधी शब्द वाचायचे, मग न पाहता अर्थ सांगायचा, पुन्हा वाचायचे, पुन्हा सांगायचा. एखादा शब्द एकदा बरोबर आला की पुढे त्याचं काय करायचं, इथे विद्यार्थ्यांचे गट वेगळे झाले. काहींनी तो शब्द नुसता वाचत राहायचं, पण त्याची चाचणी द्यायची नाही. काहींनी उलट करायचं, वाचायचा नाही, पण चाचणी देत राहायची. शिवाय दोन्ही करणारे आणि दोन्ही सोडणारे असे आणखी दोन गट होते. त्या दिवशी सगळेच गट सारखे पक्के झाले. आठवड्यानं आपल्याला किती शब्द आठवतील, याचा प्रत्येक गटाचा स्वतःचा अंदाजही सारखाच होता, साधारण निम्मे.

आठवड्यानं पुन्हा विचारलं. ज्यांनी शब्द आठवून पाहणं चालू ठेवलं होतं, त्यांना जवळपास ८० टक्के अर्थ सांगता आले. ज्यांनी आठवून पाहणं सोडलं होतं, त्यांना साधारण ३५ टक्के. नंतरच्या वाचनानं जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता.

मला या निकालात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो विद्यार्थ्यांचा चुकलेला अंदाज. दहाव्यांदा वाचताना शब्द सरावाचा वाटतो, डोळ्यांना अडत नाही, आणि आपल्याला वाटतं, झालं पाठ. पण ओळखणं आणि आठवणं या मेंदूच्या दोन निराळ्या क्षमता आहेत. यादी समोर असताना आपण फक्त पहिलीचा सराव करतो.

विसरण्याचा वेग मोजण्याचं पहिलं मोठं काम जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी अर्थ नसलेले अक्षरसमूह स्वतःच पाठ केले आणि ठरावीक वेळानं ते पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात, ते मोजलं. तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेलेली दिसली. महिन्यानंतर मात्र अजून पाचवा हिस्सा शिल्लक होता. म्हणजे घसरण सुरुवातीला जोरात होते, मग मंदावते. एबिंगहाउसनं निरर्थक अक्षरं मुद्दाम निवडली होती, कारण त्याला शुद्ध स्मरणशक्ती मोजायची होती. आपली मुलं अर्थ असलेले शब्द निरर्थक अक्षरांसारखे घोकतात, तेव्हा विस्मरणाचा हा उतार विनाकारण स्वतःवर ओढवून घेतात.

नवा शब्द मेंदूत रुजायला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो. कानांच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या आत खोलवर, दोन्हीकडे एकेक. हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाचं फेफरं आटोक्यात यावं म्हणून १९५३ मध्ये हा भाग दोन्ही बाजूंनी बहुतांशी काढून टाकला गेला. त्याचं बोलणं शाबूत राहिलं, जुने शब्द सगळे येत होते. पण त्यानंतर इंग्रजीत आलेले नवे शब्द त्याला जवळजवळ शिकताच आले नाहीत. धडधाकट मेंदूत हिप्पोकॅम्पस नवी आठवण धरून ठेवतो आणि ती हळूहळू मेंदूच्या बाह्य स्तरात, आधीच्या माहितीच्या जाळ्यात गुंफली जाते. यातलं बरंच काम झोपेत होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकलेले शब्द म्हणूनच फार दिवस सोबत करत नाहीत.

जाळ्यात गुंफायचं तर आधी जाळं हवं, आणि ते वावरात वाढलेल्या मुलांकडे भरपूर असतं. विहिरीवरच्या मोटारीची पाटी पाहा. पाच एचपी, ३.७ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, आरपीएम २८८०, हेड ३० मीटर, डिस्चार्ज सेकंदाला सहा लिटर. रात्रीची लाईन आली की बापासोबत मोटार सुरू करायला जाणाऱ्या पोरीनं ही पाटी शंभरदा पाहिलेली असते. अकरावी-बारावीच्या फिजिक्समधले कितीतरी शब्द त्या छोट्याशा पत्र्यावर आहेत. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, म्हणून पाच एचपीचे ३.७ किलोवॉट. फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणून दोन पोलच्या (दोन चुंबकीय ध्रुवांच्या) मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, त्याच्या थोडा मागे राहतो, २८८० फेरे घेतो. या फरकाला स्लिप म्हणतात, आणि तो नसेल तर मोटार जोरच लावू शकणार नाही. आता सहा लिटर पाणी दर सेकंदाला ३० मीटर चढवायला किती पॉवर लागते? सहा गुणिले ९.८ गुणिले ३०, म्हणजे सुमारे १७६० वॉट. मोटार पूर्ण क्षमतेनं चालते असं धरलं, तर ३७०० वॉटपैकी निम्म्याहून कमी पाण्याच्या कामी आले. दिलेल्या पॉवरपैकी कामी आलेला हा हिस्सा म्हणजेच एफिशियन्सी. एकदा स्वतः काढलेला हा शब्द यादीतून घोकावा लागत नाही.

शब्दांचे तुकडे ओळखणंही उपयोगी पडतं, कारण विज्ञानातली इंग्रजी बरीचशी ग्रीक-लॅटिनच्या सुट्या भागांतून जोडलेली आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि रंगाचं कारण हॅलोआर्किया हे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. यातला ‘हॅलो’ ग्रीक मिठाचा. तोच हॅलोजनमध्ये आहे. क्लोरीन हा हॅलोजन, आणि सोडियमशी त्याचा संयोग झाला की मीठ बनतं. अकोला-अमरावतीकडे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला हॅलोफाइट म्हणजे खारट जमिनीत तगणारी वनस्पती, हे मग फोड करून सांगावं लागत नाही.

कृषी केंद्रातल्या बाटल्यांवरचा ‘साइड’ हा लॅटिन, मारणारा. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड. त्याआधीचा तुकडा कुणाला मारायचं ते सांगतो. इथे शब्द कळणं मार्कांपुरतं राहत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. लेबलवरचा लाल त्रिकोण अतिविषारी औषधाचा, पिवळा, निळा आणि हिरवा उतरत्या क्रमानं कमी विषारी. त्याच लेबलवर किंवा सोबतच्या पत्रकात अँटिडोट, म्हणजे उतारा, लिहिलेला असतो. विषबाधेचा पेशंट दवाखान्यात नेताना ती बाटली किंवा लेबल सोबत नेलं, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. घरातल्या शिकणाऱ्या लेकराला एवढं वाचता यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

राहिला रोजच्या सरावाचा प्रश्न. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात पाच कप्प्यांच्या खोक्याची युक्ती मांडली. आपल्याकडे चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे केले तरी पुरे. लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग साचतो, त्यांच्या दोन्ही बाजूंनी कोऱ्या भागाचे पत्ते कापायचे. एका अंगाला इंग्रजी शब्द आणि देवनागरीत उच्चार, दुसऱ्या अंगाला मराठी अर्थ, जमलं तर छोटी आकृती. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. बरोबर आलं की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. शब्द आठवत नसेल तर लगेच पत्ता उलटायची घाई करू नये, थोडी धडपड होऊ द्यावी, कारण आठवून पाहण्याची ताकद त्या धडपडीतच आहे. उच्चार देवनागरीत असल्यामुळे विचारणाऱ्याला इंग्रजी येण्याचीही गरज नाही. आईनं भाकरी थापता थापता चुलीजवळून ‘एफिशियन्सी म्हणजे काय गं?’ एवढं विचारलं तरी त्या पत्त्याची चाचणी होते.