बदकांच्या पाण्याला भाडे किती?

हिवाळा लागला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: अमेरिकेत बदकांची शिकार चालते तरी तिथे बदके भरपूर, मग आपल्याकडे परवाने का नकोत? यातले अर्धेच खरे. तिथे १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट घ्यावे लागते. १९३४ साली ते १ डॉलरला होते, आता २५ डॉलरला. त्यातले शेकडा ९८ पाणथळ जागा विकत किंवा भाड्याने घेण्यात जातात. किती पक्षी मारायचे हेही दरवर्षी मोजणी करून ठरते. आपल्याकडे १९९१च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातला हौशी शिकारीचा रस्ताच बंद केला, तेव्हा बंदुकीचा पैसा विसरा. पाणथळीला भाडे देण्याची कल्पना मात्र पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीच्या भरतीपासून राखलेल्या भातजमिनींत, चपखल बसते.

हळदी-कुंकू, थापट्या ही बदके बुडी मारत नाहीत. पाण्याच्या वरच्या थरात किंवा शेपूट वर, डोके खाली करून चरतात. त्यांना १० ते २५ सेंटीमीटर पाणी हवे. त्याहून खोल गेले की चोच तळाला पोचणे अवघड होते. भात कापल्यावर खारात पावसाचे गोडे पाणी तेवढे अडवले, की उन्हाने रोज साधारण ४-५ मिलिमीटर उडते, म्हणजे महिन्याला १२ ते १५ सेंटीमीटर. आधी बदके, पाणी उतरले की शेकाटे आणि तुतवार, अशी पाळी आपोआप लागते. पाणी उभे असेपर्यंत खालचा क्षार केशाकर्षणाने वर चढत नाही, त्यामुळे पांढरी खपलीही उशिरा धरते.

सगळी मदार उघाडीवर. बांधाखालच्या मोरीला खाडीच्या अंगाने, वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेले हे दार. ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते, भरतीला खाडीच ते दाबून बंद करते. दार १ मीटर बाय १ मीटर आणि बाहेरची पातळी १ मीटरने वर असेल, तर दारावर सुमारे एक टन भार येतो. कडीकोयंडा लागतच नाही. पण अंगठ्याएवढी काटकी अडकून खालच्या कडेला २ सेंटीमीटर फट राहिली, तर एवढ्याच फरकाला पाणी सेकंदाला चार मीटरहून जास्त वेगाने शिरते. धार आकसते हे धरूनही सेकंदाला ५० लिटर, म्हणजे तासाला १८० घनमीटर. लिटरला ३० ग्रॅम मीठ धरले, तरी एका तासात पाच टनांवर मीठ शेतात! उधाणाच्या दिवसांत ओहोटी पूर्ण लागली की दारापुढचा गाळ आणि काटक्या काढायच्या, त्या यासाठी. चिंबोऱ्यांची बिळेही तेव्हाच चिखलाने बुजवायची. बांधाच्या राखणदार देवाला कोंबडा जरूर द्या, पण बांधाला पडलेली खांड, म्हणजे भगदाड, चिखलानेच बुजते.

गोडे पाणी अडवायला दाराच्या आतल्या अंगाला खाचा करून फळ्या बसवायच्या. तिथेच सेंटीमीटरची पट्टी रंगवली की भाडे कशाचे द्यायचे ते डोळ्यांना दिसते.

दर ठरवायला कॅलिफोर्नियातली २०१४ पासूनची रीत पाहावी: उलटा लिलाव. भातशेतकरी सांगतो, ‘इतके आठवडे पाणी ठेवीन, इतके पैसे घेईन.’ पक्ष्यांना सोयीची आणि स्वस्तातली बोली घेतली जाते. सरकारी दरपत्रकापेक्षा हे बरे, कारण शेतकऱ्याला खरी झळ किती बसते ते त्यालाच ठाऊक असते.

खारात अडचण निराळी. पाणी सातबारा ओळखत नाही. एका उघाडीवर अवलंबून असलेल्या जमिनीत चाळीस खातेदार असले आणि एकाने वाल पेरायला जमीन कोरडी मागितली, की उरलेल्या एकोणचाळिसांची बोली बुडाली. म्हणून बोली खातेदाराची नको, उघाडीची हवी. निम्मे पैसे क्षेत्राप्रमाणे वाटावेत, निम्मे बांधाच्या डागडुजीला गावकीकडे ठेवावेत, आणि वालवाल्याला त्याच्या पिकाचे मोल आधी चुकते करावे. नाहीतर फळ्या एखाद्या रात्री निघतात, आणि कोणी काढल्या ते अख्ख्या गावात कोणालाच ठाऊक नसते.