भलेपणा ड्यूटीत मोडत होता तेव्हा

एखाद्या पोलिसाने रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला जेवू घातले किंवा चुकलेले पोर घरी पोचवले, की त्याचा व्हिडिओ फिरू लागतो. खालची प्रतिक्रियाही ठरलेली: वर्दीतसुद्धा माणूस असतो. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी यातले बरेचसे काम पोलिसांच्या रोजच्या ड्यूटीतच मोडत होते.

२९ सप्टेंबर १८२९ रोजी लंडनचे नवे पोलीस पहिल्यांदा गस्तीला निघाले, तेव्हा लोकांना ते नकोच होते. ही आपल्यावर पाळत ठेवायला आणलेली फौज आहे, असा संशय होता. म्हणून गणवेश लष्करी लाल न ठेवता निळा ठेवला आणि शिपायांना लेखी ताकीद दिली: कुठल्याही थरातला माणूस असो, अदबीने वागा, डोके शांत ठेवा. हे सौजन्य कुणाच्या मनाच्या मोठेपणातून आले नव्हते. नव्या खात्याला टिकायचे होते.

पुढे शहरे वाढली आणि रात्री-अपरात्री दार उघडे असलेले सरकारी ठिकाण म्हणजे पोलीस ठाणे, एवढेच उरले. न्यूयॉर्कमध्ये बेघरांना ठाण्यातच रात्रीपुरता आसरा मिळे. तिथे कोंदट हवा आणि निजायला उघड्या फळ्या, पण डोक्यावर छप्पर होते. डेन्मार्कहून आलेला कफल्लक तरुण जेकब रीस १८७० मध्ये अशाच एका ठाण्यात झोपला. रात्री त्याचे सोन्याचे लॉकेट चोरीला गेले. तक्रार केली तर त्यालाच खोटे ठरवून हाकलले आणि त्याच्या सोबतीला आलेल्या भटक्या कुत्र्याला पायरीवर आपटून मारले. रीस पुढे नामांकित पत्रकार झाला, पण ती रात्र विसरला नाही. १८९६ मध्ये त्याचा मित्र थिओडोर रूझवेल्ट शहराच्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष असताना रीसच्याच पाठपुराव्याने ठाण्यांतले हे आसरे बंद झाले. पोलिसांच्या हातून परोपकार काढून घेणाऱ्याला पोलिसांचाच अनुभव आला होता, हे विसरून चालत नाही.

याच सुमारास ब्रिटनमधल्या काही शहरांत पोलिसांच्या मदतीने गरीब मुलांना कपडे आणि बूट वाटणाऱ्या संस्था निघाल्या. कुठले पोर अनवाणी फिरते हे गस्तीच्या शिपायाइतके कुणाला ठाऊक असणार? आईबापांनी बूट गहाण टाकू नयेत म्हणून त्यांवर शिक्का मारत.

मग रुग्णवाहिका आल्या, समाजकल्याण खाती आली आणि एकेक काम पोलिसांकडून सुटत गेले. गस्तही पायांवरून मोटारीत गेली. काचेआडच्या शिपायाला गल्लीतली माणसे नावाने ओळखता येईनात. जपानमध्ये १८७४ पासून चालत आलेल्या चौक्या मात्र टिकल्या. पत्ता सांगणे, हरवलेल्या वस्तू सांभाळणे, पाकीट हरवलेल्याला गाडीभाड्यापुरते पैसे उसने देणे हे तिथे आजही कामात धरले जाते; त्याची बातमी होत नाही.

अमेरिकेत नेवार्क शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्हे कमी झाले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली. पोलीस खात्यांना लोकांमध्ये परत पाठवण्याच्या चळवळीने हा निष्कर्ष पुढे बरीच वर्षे वापरला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका तरुण पोलिसाने थंडीत अनवाणी बसलेल्या माणसाला स्वतःच्या पैशाने बूट आणून दिले. तिथून जाणाऱ्या एका पर्यटक बाईने फोटो काढला, पोलीस खात्याने तो फेसबुकवर टाकला आणि जगभर कौतुक झाले. काही दिवसांनी तोच माणूस पुन्हा अनवाणी दिसला. विचारले तेव्हा म्हणाला, बूट लपवून ठेवलेत. ते महागाचे आहेत, त्यांच्यापायी माझा जीव जाईल.