‘आई’ नव्हे, ‘पालक’

आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखण्याच्या ज्या कार्यक्रमाला जगभर ‘पीएमटीसीटी’ म्हणतात, त्याला आपल्या सरकारी दवाखान्यांत ‘पीपीटीसीटी’ म्हणतात. फरक एका अक्षराचा: तिकडे ‘मदर’, इकडे ‘पेरेंट’. मला हे अक्षर फार मोलाचं वाटतं. दिवस गेल्यावर बाई नाव घालायला जाते, तेव्हा तिचं रक्त नवऱ्याच्या आधी तपासलं जातं. घरात एचआयव्हीचा पहिला रिपोर्ट तिचा येतो आणि ‘हिनंच आणलं’ हा ठपकाही तिच्यावरच बसतो.

औषधाची कहाणी 1994 ची. अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीत झिडोव्हुडीन या एचआयव्हीविरोधी औषधामुळे बाळांमधली लागण सुमारे 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आली. पण गरोदरपणात दिवसाला पाच वेळा गोळ्या, बाळंतपणात शिरेतून औषध, मग बाळाला सहा आठवडे सिरप. गरीब देशांना हे झेपणारं नव्हतं. 1999 मध्ये युगांडातून सोपा मार्ग निघाला: कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरॅपिन या दुसऱ्या औषधाची 200 मिलिग्रॅमची एकच गोळी आणि तीन दिवसांच्या आत बाळाच्या तोंडात सिरपचे काही थेंब. भारतात 2000 मध्ये 11 केंद्रांत झिडोव्हुडीनने सुरुवात झाली, लवकरच इथेही नेव्हिरॅपिन आलं.

प्रश्न उरला दुधाचा. अंगावर पाजलं तर लागणीची भीती. वरचं दूध द्यावं तर स्वच्छ पाणी नाही आणि शेजारीण विचारणार, ‘पाजत का नाहीस गं?’ पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयात, तसंच इथिओपिया व युगांडात, अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरॅपिनचं सिरप देऊन पाहिलं. 2008 मध्ये निष्कर्ष आले: एकदाच सिरप दिलेल्या बाळांच्या तुलनेत सहाव्या आठवड्याला लागण जवळपास निम्मी, सहा महिन्यांनी मात्र फरक ओसरलेला.

एका गोळीची किंमत आईने मोजली. तिच्या शरीरातला विषाणू त्या औषधाला दाद देईनासा व्हायचा आणि पुढे तिच्याच उपचारात अडचण यायची. बाळ वाचवताना आईचा विचार मागे पडला होता. 1 जानेवारी 2014 पासून ही चूक सुधारली: गरोदर बाई बाधित आढळली की तिला आयुष्यभराची एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, पांढऱ्या पेशी किती आहेत हे न पाहता.

बाळाच्या टाचेतलं रक्त सहाव्या आठवड्याला तपासतात, शेवटची खात्री अठराव्या महिन्यात होते. समुपदेशक बाईला सांगतात, ‘पुढच्या वेळी नवऱ्यालाही घेऊन या.’ ‘पालक’ म्हणजे तोही.